फिनाले, मिडी, सरगम: नोटेशनच्या फायली बदलताना काय टिकतं, काय गळतं

नाशिकमध्ये नोटेशन लिहिणाऱ्यांचे दोन गट आहेत आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही. ब्रास बँड आणि चर्चच्या क्वायरची मंडळी पाच रेघांच्या स्टाफवर लिहितात. त्यांच्याकडे फिनाले, एन्कोर, सिबेलियस या नोटेशन लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये केलेलं काम आहे, आणि बरंच काही नुसत्या मिडी फायलींच्या रूपात. गायन-हार्मोनियमचे क्लास घेणारे सरगम लिहितात. त्यांच्या बंदिशी वर्डमध्ये, श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या. पाडवा पहाटेच्या कार्यक्रमात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि गायक एकत्र बसवायचे ठरले की दोघांचं लिखाण एका जागी आणावंच लागतं. असा काही शे फायलींचा संग्रह आम्ही म्युझिकएक्सएमएल या, वेगवेगळ्या प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या फाइल-प्रकारात आणला. ते काम कसं केलं आणि कुठे अडलं, ते इथे लिहीत आहोत.

घाई करण्याचं एक कारणही होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मेकम्युझिक कंपनीने फिनालेचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. बसवलेलं सॉफ्टवेअर त्या दिवशी बंद पडलं नाही, पण नव्या विंडोजवर ते किती वर्षं चालेल याची हमी आता कुणाची नाही. फिनालेची फाइल सगळ्यात नीट वाचतो तो फिनालेच. म्हणून तो चालतोय तोवर त्यातून माल बाहेर काढणं हे पहिलं काम. बाकीचं सावकाश करता येतं.

म्युझिकएक्सएमएल का, तर त्यात सुराचं नाव, लांबी, आवाजाचा पदर, शब्द, वाद्याचं ट्रान्सपोझिशन (लिहिलेला आणि ऐकू येणारा सूर यांतलं अंतर) हे सगळं वेगवेगळं नोंदलेलं असतं आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतं. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची, सध्याची ४.० ही २०२१ ची. मिडीत मुख्यतः कोणती पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली हेच असतं. पीडीएफमध्ये फक्त चित्र. जे मूळ फाइलमध्ये नोंदलेलंच नाही ते कोणताही कन्व्हर्टर निर्माण करू शकत नाही, तो फक्त अंदाज करतो. म्हणून बदल नेहमी सर्वांत जास्त माहिती असलेल्या फाइलपासून सुरू करायचा. एकाच गाण्याची फिनालेची फाइल आणि मिडी दोन्ही असतील, तर मिडी सहज उघडते म्हणून तिच्यामागे लागू नये.

आधी फाइल ओळखावी लागते. जुन्या पेनड्राइव्हवरच्या फायलींची नावं आणि शेपट्या (एक्स्टेन्शन) भरवशाच्या नसतात. एमयूएस ही शेपटी तर इतर प्रोग्रामही वापरतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ पाहिली की बहुतेक वेळा उलगडा होतो. जुनी फिनाले फाइल ‘एनिग्मा बायनरी फाइल’ या इंग्रजी शब्दांनी सुरू होते, मिडी ‘एम-टी-एच-डी’ या चार अक्षरांनी. ‘पी-के’ दिसलं तर ती झिप आहे. म्युझस्कोअर या नोटेशन प्रोग्रामची एमएससीझेड आणि दाबलेली म्युझिकएक्सएमएल म्हणजे एमएक्सएल, या दोन्ही आतून झिपच आहेत. शेपटी बदलून झिप केली की आतली मूळ फाइल हाती येते. म्युझस्कोअर एखादी एमएक्सएल ‘खराब आहे’ म्हणून नाकारतो तेव्हा हा उपाय आधी करावा, कारण अनेकदा आतली एक्सएमएल धडधाकट असते.

बदलाआधी मूळ प्रोग्राममधून प्रत्येक फाइलची पीडीएफ आणि मिडी काढून ठेवली. पीडीएफ डोळ्यांनी पडताळायला, मिडी कानांनी. हे दोन पुरावे नसतील तर बदललेल्या फाइलमध्ये काय हरवलं हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. त्यानंतर फिनालेच्या एक्स्पोर्ट मेनूतून अख्खा फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये काढता येतो. सिबेलियसमध्ये हे एक्स्पोर्ट सातव्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. एन्कोरच्या पाचव्या आवृत्तीतही आहे. त्याहून जुनी एन्कोर फाइल आधी पाचव्यात उघडून जतन करायची.

फिनालेत देवनागरी शब्द असतील तर फोल्डर बदलायला घेण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. मॅकवर केलेली फाइल विंडोजवर उघडताना फिनाले १२८ च्या वरच्या अक्षर-क्रमांकांची अदलाबदल करतो, कारण दोन्ही यंत्रणांत ते क्रमांक वेगळ्या चिन्हांना दिलेले होते. इंग्रजीला याने फरक पडत नाही. जुन्या मराठी फॉन्टांत मात्र जोडाक्षरं आणि मात्रा नेमक्या याच वरच्या क्रमांकांवर बसवलेल्या आहेत. साधी अक्षरं बरोबर आणि जोडाक्षरं भलतीच, असं दिसलं की कारण हेच. उपाय फिनालेतच आहे. त्याच्या फोल्डरमध्ये ‘मॅकसिम्बॉलफॉन्ट्स’ नावाची टेक्स्ट फाइल असते. त्यातल्या इतर ओळींच्या धर्तीवर आपल्या मराठी फॉन्टचं नाव जोडायचं, फिनाले पुन्हा सुरू करायचा आणि मगच फाइल उघडायची. फॉन्टचं नाव अक्षरशः तेच हवं, मधल्या स्पेससकट.

आता खरं किचकट काम, शब्दांचं. म्युझिकएक्सएमएलमध्ये गाण्याचा प्रत्येक तुकडा त्याच्या सुराखाली ‘लिरिक’ या खुणेत असतो. तुकडा शब्दाची सुरुवात आहे, मधला भाग आहे की शेवट, हेही नोंदलेलं असतं. जुन्या फॉन्टातला मजकूर तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून येतो. तो युनिकोडमध्ये न्यायचा तर ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये अख्खं गाणं चिकटवून भागत नाही, कारण कोणता तुकडा कोणत्या सुराचा हे नातंच तुटतं. आम्ही पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट केली. ती फाइलमधला एकेक लिरिक तुकडा उचलते, बदलते आणि त्याच जागी ठेवते.

या बदलात तीन जागा दर वेळी त्रास देतात. ऱ्हस्व इकार जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होतो, युनिकोडमध्ये नंतर यावा लागतो, आणि पुढे जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. तिसरी जागा सहज नजरेतून सुटते. बऱ्याच जुन्या फॉन्टांत ‘ग’, ‘त’, ‘स’ ही अक्षरं अर्धं रूप आणि काना अशी दोन कळांनी बनतात. स्क्रिप्टमध्ये हा नियम नसेल तर अर्ध्या अक्षरापुढे सुटा काना लटकतो. बदल झाल्यावर देवनागरीबाहेरचं एकही अक्षर उरलं आहे का हे सगळ्या लिरिक तुकड्यांत शोधायचं. कडव्याचे आकडे वगळता काही सापडलं तर नियम अपुरा आहे. शब्द तोडण्याची पद्धतही एकदाच ठरवून घ्यावी. ‘भक्-ती’ आणि ‘भ-क्ती’ दोन्ही लिहिलेलं सापडतं. आम्ही जोडाक्षर पुढच्या तुकड्यात ठेवलं, कारण सुराखाली पाय मोडलेलं अक्षर वाचताना गायक अडखळतो.

काही फायलींत शब्द लिरिकच्या साधनाने टाइप केलेलेच नसतात. स्टाफखाली मजकुराची चौकट टाकून स्पेसने ओढून बसवलेले असतात. छापील कागदावर फरक कळत नाही. एक्स्पोर्टमध्ये मात्र ते सुट्या मजकुरासारखे येतात किंवा पानाच्या कडेला जाऊन बसतात. अशा गाण्यांना शब्द नव्याने टाइप करणं हाच जलद मार्ग. म्युझस्कोअरमध्ये सुरावर जाऊन लिरिक सुरू करायचं, तुकड्यानंतर हायफन, शब्दानंतर स्पेस. देवनागरी जोडाक्षरं तिथे नीट जुळतात.

शब्दांचा बदल म्युझस्कोअरमध्ये फाइल उघडण्याआधी, एक्सएमएलमध्येच करावा. उघडताना फॉन्ट एकसारखा करण्याचा पर्याय चालू राहिला तर कोणता मजकूर जुन्या फॉन्टातला होता ही खूणच पुसली जाते. त्याच पसंतीच्या पानावर मूळ मांडणी आणि ओळी-पानांचे तोड आयात करण्याचे पर्याय आहेत. तेही काढून टाकावेत. फिनालेची मोजमापं म्युझस्कोअरच्या पानावर बसवली की स्टाफ एकमेकांवर चढतात आणि दोष कन्व्हर्टरला लागतो.

बँडच्या फायलींत सर्वांत जास्त घोळ ट्रान्सपोझिशनचा. म्युझिकएक्सएमएलमध्ये सूर वादकाला दिसतात तसे लिहिलेले असतात आणि ऐकू येणारा सूर कसा काढायचा हे ‘ट्रान्सपोज’ या खुणेत वेगळं दिलेलं असतं. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला डायटॉनिक (अक्षरनावांच्या पायऱ्या) उणे १, क्रोमॅटिक (अर्धस्वर) उणे २. ऑल्टो सॅक्सोफोनला उणे ५ आणि उणे ९. टेनर सॅक्सोफोन आणि ट्रेबल क्लेफमधलं युफोनियम यांना क्लॅरिनेटचेच आकडे, शिवाय एक सप्तक खाली अशी वेगळी नोंद. ती गळाली की टेनर एक सप्तक वर वाजतो. जुन्या फायलींत अनेकदा वाद्य ‘पियानो’च ठेवलेलं असतं आणि सूर मात्र क्लॅरिनेटसाठी हाताने दोन अर्धस्वर चढवून लिहिलेले असतात. एकेक पार्ट ऐकला तर सगळं ठीक वाटतं, एकत्र वाजवलं की कर्कश. अशा वेळी म्युझस्कोअरमध्ये नुसतं वाद्य बदललं तर तो ऐकू येणारा सूर कायम ठेवतो आणि लिहिलेला हलवतो, म्हणजे नेमकं नको ते होतं. त्याऐवजी एक्सएमएलमध्ये त्या पार्टच्या पहिल्या मापात (बारमध्ये), क्लेफच्या खुणेनंतर, ट्रान्सपोजची खूण घालावी. लिहिलेले सूर जागचे हलत नाहीत आणि आवाज जुळतो. ‘क्लेफनंतर’ हे महत्त्वाचं, कारण या खुणांचा क्रम ठरलेला आहे आणि चुकीच्या जागी घातलेली खूण तपासणीत नाकारली जाते.

ड्रमची एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर शोधून सापडत नाही. मिडीत सुरांचे क्रमांक ० ते १२७ आहेत, म्युझिकएक्सएमएलमध्ये तालवाद्याच्या आवाजाचे १ ते १२८. बेस ड्रम मिडीत ३६, तर म्युझिकएक्सएमएलमध्ये ३७. स्वतःच्या स्क्रिप्टने फाइल बनवताना हा एक मिळवायचा राहिला की शेजारचा ३५ क्रमांकाचा दुसरा बेस ड्रम वाजतो आणि चूक सहज लक्षात येत नाही, आणि वाचताना वजा करायचा राहिला तर बेस ड्रमच्या जागी साइड स्टिकची टकटक. मिडीच्या ठरीव तालवाद्यांत ढोल-ताशा नाहीच. नाशिक ढोलासाठी आम्ही दोन रेघांचा स्टाफ घेतला. खालच्या रेघेवर हाताची थाप, वरच्या रेघेवर टिपरू, आणि ताशाला वेगळी एक रेघ. बोल लिरिक म्हणून घातले. ऐकायला आवाज नकली येतो, पण लिखाण पूर्ण टिकतं, आणि इथे लिखाणच हवं आहे.

मिडीशिवाय दुसरं काहीच नसेल तर मिडीपासून सुरुवात करावी लागते. तिथे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. नोटेशन प्रोग्राममधून निघालेली मिडी सरळ असते. सूर बरोबर मात्रेवर सुरू होतात, आयात केल्यावर फारसं करावं लागत नाही. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलेली मिडी मात्र माणसाच्या हाताची असते. सूर किंचित मागेपुढे पडतात आणि प्रोग्राम ते इमानदारीने बत्तिसाव्या भागाच्या विश्रांती आणि टायच्या (सूर जोडणाऱ्या कमानींच्या) जाळ्यात लिहितो. आयात करताना सर्वांत लहान भाग सोळावा ठरवून द्यावा. दादरा, खेमटा अशा तीनच्या चालीचं गाणं असेल तर ट्रिपलेट ओळखण्याचा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर तीन समान सूर ‘एक लांब, दोन आखूड’ असे येतात. वाजवताना मेट्रोनोम लावलेला नसेल तर मापांच्या रेघांना काही अर्थच उरत नाही. अशी फाइल बदलत बसण्यापेक्षा ऐकून नव्याने लिहिणं लवकर होतं. पुनरावृत्तीच्या खुणा मिडीत नसतात, त्यामुळे धृपद जितक्या वेळा वाजलं तितक्या वेळा लिहून येतं. ते हाताने कमी करावं लागतं.

मिडीतला आणखी एक तोटा रागदारीच्या लोकांना लगेच कळतो. क्रमांक ६१ म्हणजे सी शार्प की डी फ्लॅट, हे मिडीला ठाऊक नसतं. पांढरी एकचा (म्हणजे सी) सा धरून भैरव वाजवला तर कोमल रे हा डी फ्लॅट लिहायला हवा, पण प्रोग्राम बहुधा सी शार्प लिहितो. म्हणजे कागदावर तो ‘चढलेला सा’ होतो. काळी एकचा सा असेल तर गोष्ट आणखी बिघडते. तो सी शार्प लिहिला की क्लॅरिनेटच्या वाट्याला डी शार्प मेजर येतो, ज्याची ‘की सिग्नेचर’ (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटांची खूण) प्रचारात नाही. तोच डी फ्लॅट लिहिला तर क्लॅरिनेटला तीन फ्लॅट आणि ऑल्टोला दोन. बँडसोबत गायचं असेल तर काळी पाच सर्वांत सोयीची. ती बी फ्लॅट म्हणून लिहिली की क्लॅरिनेट-ट्रम्पेटला सा म्हणजे सरळ सी, आणि ऑल्टोला एक शार्प. गायकाचा गळा अर्थातच आधी, पण अर्ध्या-एक स्वराची सवलत असेल तर ती इथे वापरावी.

सरगमकडून स्टाफकडे जाताना उलट सुख आहे. कोमल रे लिहिला की तो दुसऱ्या अक्षराचा उतरलेला सूर, यात संशय नाही. सरगमला मिडीपेक्षा जास्त कळतं. आम्ही बंदिशी आधी एक्सेलमध्ये आणल्या: एका ओळीत एक मात्रा, रकाने सूर, सप्तक, शब्द आणि खूण यांचे. तिथून म्युझिक२१ या पायथन लायब्ररीने म्युझिकएक्सएमएल केली. उलट दिशेने, स्टाफवरून सरगम करताना, अक्षराच्या नावावर विसंबू नये. ‘सा’पासूनचे अर्धस्वर मोजावेत. १ कोमल रे, ३ कोमल ग, ६ तीव्र म, ८ कोमल ध, १० कोमल नि. बाराही जागा एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या आहेत, त्यामुळे मूळ फाइलमध्ये सी शार्प-डी फ्लॅटचा घोळ असला तरी सरगम बरोबर येते.

मात्र एक्सेल भरण्याआधी वही कोणत्या पद्धतीची आहे हे पाहावंच लागतं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं उत्तरायुष्य नाशिकशी जोडलेलं आहे, पंचवटीत त्यांच्या नावाचं सभागृहही आहे, आणि इथल्या जुन्या वह्यांत पलुस्कर लिपी अजून भेटते. हल्लीची पुस्तकं बहुतेक भातखंडे पद्धतीची. दोन्हींत सुराच्या डोक्यावर टिंब येतं, पण भातखंडे पद्धतीत ते तार सप्तकाचं, पलुस्कर पद्धतीत मंद्राचं. पलुस्करांकडे तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ आहे, आणि भातखंडे पद्धतीत तशीच उभी रेघ तीव्र मध्यमावर असते. कोमलासाठी भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्तासारखी खूण. समही वेगळी: भातखंडे गुणाकाराची फुली, खालीला शून्य, पलुस्करांकडे समेला १ आणि खालीला अधिक. एकाच्या नियमाने दुसऱ्याची वही भरली तर फाइल विनातक्रार तयार होते आणि अख्खी तान दोन सप्तकं सरकते. म्हणून एक्सेलच्या पहिल्याच ओळीत पद्धतीचं नाव.

या खुणा युनिकोडमध्ये टाइप करताना टिंबासाठी अनुस्वार वापरायचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग ‘गं’ हा तार गंधार की शब्दातलं अक्षर हे संगणकाला कळत नाही. स्वतंत्र वरचं टिंब ०३०७ आणि खालचं ०३२३ या क्रमांकांवर आहे. कोमलाची आडवी रेघ आणि तीव्राची उभी रेघ यांसाठी देवनागरी विभागातल्याच वैदिक स्वरखुणा, ०९५२ आणि ०९५१, चांगल्या बसतात. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत त्या अक्षराला नीट चिकटतात. उसनी टिंबं काही फॉन्टांत ठिपक्यांचं वर्तुळ काढतात, तेव्हा फॉन्ट बदलून पाहावा.

तालाचं माप कसं घ्यायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. तीनतालाचं आख्खं आवर्तन एका मापात घेतलं तर सोळा मात्रांचं लांबलचक माप होतं, आणि नवव्या मात्रेपासून उठणाऱ्या बंदिशीला आठ मात्रांचं अर्धं माप आधी जोडावं लागतं, जे प्रत्येक प्रोग्राम वेगळं वाचतो. एक विभाग म्हणजे एक माप असं घेतलं की चार-चारची मापं पडतात आणि पहिल्या मापावर ‘खाली’ लिहिलं की काम झालं. झपतालाला दोन आणि तीनची मापं आलटून पालटून. रूपकाला तीन-दोन-दोन, आणि तिथे पहिल्याच मात्रेला खाली, हे लिहायला विसरू नये, कारण बँडचा ड्रमर तिथे ठोका देणारच.

एका मात्रेत किती भाग पडतात यावर ‘डिव्हिजन्स’ हा आकडा ठरतो. २४ ठेवला तर दोन, तीन, चार, सहा, आठ हे सगळे भाग पूर्णांकात बसतात. मात्रेत पाच सूर असतील तर १२० लागतो. तिगुणाच्या जागी सुरांची लांबी बरोबर असूनही ‘दोनांच्या जागी तीन’ची टाइम-मॉडिफिकेशन खूण नसेल तर वाजतं बरोबर, छापतं चुकीचं. शब्दांतला अवग्रह (ऽ) स्टाफवर नेऊ नये. त्याच्या जागी लिरिकला ‘एक्स्टेंड’ची खूण द्यावी, म्हणजे अक्षरापुढे रेघ ओढली जाते. सरगमकडे परत जाताना त्याच रेघेचे अवग्रह होतात. कणस्वर ग्रेस नोट म्हणून जातो. मींड आम्ही ‘स्लाइड’ म्हणून नोंदली, स्लर म्हणून नाही. स्लर शब्दांच्या जोडणीसाठीही वापरला जातो आणि परत येताना दोन्हींत फरक करता येत नाही. आंदोलन आणि गमक यांना चपखल खूण नाही. ते सुरावर मजकूर म्हणून लिहिले.

फक्त कागद उरलेली गाणी ऑडिव्हेरिस या, स्कॅनवरून नोटेशन ओळखणाऱ्या प्रोग्रामने वाचली. स्कॅन ३०० डीपीआयला, सरळ, सावली न पडता. छापील स्टाफ तो बऱ्यापैकी ओळखतो, हस्तलिखित जवळजवळ नाही. देवनागरी शब्द त्याच्याकडून वाचून घेण्यापेक्षा टाइप केलेले बरे.

पडताळणी प्रत्येक फाइलची एकाच क्रमाने. आधी मापांची संख्या मूळ पीडीएफशी, मग शेवटचं माप, मग पुनरावृत्तीच्या खुणा, मग प्रत्येक पार्टचा पहिला आणि शेवटचा सूर. जोर-हळूच्या खुणा दिसतात पण वाजत नाहीत, असं झालं तर त्या मूळ फाइलमध्ये नुसता मजकूर म्हणून लिहिलेल्या होत्या. त्या पॅलेटमधून पुन्हा लावायच्या. शेवटी म्युझस्कोअरमधून पुन्हा म्युझिकएक्सएमएल काढून ती आधीच्या फाइलशी ताडून पाहायची. या फेरीत जे गळतं तेच पुढच्या माणसाकडेही गळणार असतं. कस्टम की सिग्नेचर आणि मींड या दोन जागी आम्ही विशेष नजर ठेवली.

जतन करताना प्रत्येक गाण्याच्या चार गोष्टी एका फोल्डरमध्ये: मूळ फाइल हात न लावता, न दाबलेली म्युझिकएक्सएमएल, मूळ प्रोग्रामची पीडीएफ आणि म्युझस्कोअरची फाइल. फोल्डरची नावं रोमन लिपीत, स्पेस न ठेवता, कारण झिप करून पाठवलेल्या देवनागरी नावांची काही संगणकांवर प्रश्नचिन्हं होतात. गाण्याचं मराठी नाव, राग, ताल, ‘सा = काळी पाच’ अशी पट्टी आणि वही कोणत्या लिपीतली होती हे सगळं फाइलच्या आत, स्कोअरच्या माहितीत लिहिलं आहे. पार्ट छापताना ही पट्टी पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात येते, म्हणजे तालमीला बसण्याआधी हार्मोनियमवाला आणि क्लॅरिनेटवाला एकाच सुरावर येतात.